पाच संगणकांवर कोपलेली देवी

खंडेनवमीला निंबटेक गावात देवी प्रकटली. डोंगरावर नाही की वडाखाली नाही, तर सोसायटीच्या जुन्या गोदामात मांडलेल्या तीन नंबरच्या संगणकावर. सोयाबीनची सोंगणी ऐन भरात होती, तरी बायका विळे हातात घेऊनच खिडकीशी दाटल्या. रिठदकडे निघालेल्या मळणीयंत्रवाल्यानं यंत्र रस्त्यातच उभं केलं आणि तोही पळत आला. आत पाय ठेवायला जागा नव्हती, बाहेर सावली नव्हती, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं तेच सगळ्यांत जास्त सांगत होते.

"डोये लाल केले बाप्पा देवीनं! म्या सोता पाह्यलं!" चंपाबाई म्हणाली.

"तू कुठून पाह्यलं? तू त माह्या मांगं उभी होती."

"मंग आयकलं. आयकलं त काय खोटं असते?"

आत, भिंतीला पाठ टेकून योगिनी उभी होती. ती वाशीमहून रोज स्कूटीनं यायची आणि गेली तीन वर्षं या केंद्रात गावच्या पोरापोरींना संगणक शिकवायची. खंडेनवमीला गावात ट्रॅक्टर, नांगर, विळे-खुरपी सगळ्यांची पूजा होते. यंदा केंद्राचे अध्यक्ष आणि गावचे पाटील दौलतराव यांच्या मनात आलं की संगणकही हत्यारच आहे, त्याची का नको? योगिनीची त्याला हरकत नव्हती. झेंडूच्या हारानं संगणक बिघडत नाही, वायरींवर पाणी शिंपडल्यानं बिघडतो, एवढंच तिनं बजावलं होतं. पण दौलतरावांनी हारांबरोबर तेजोनाथ महाराजांनाही आणलं.

हे महाराज म्हणे यंत्रसिद्ध होते. अंगावर भगवी कफनी, मनगटावर पायऱ्या मोजणारं घड्याळ. बोलायचे ते अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि उरलेलं जाहिरातीचं.

"हार्डवेअर म्हणजे देह, सॉफ्टवेअर म्हणजे आत्मा," महाराजांनी सुरू केलं होतं. "आणि पासवर्ड म्हणजे काय? बोलो, बोलो! पासवर्ड म्हणजे बीजमंत्र! आपल्या ऋषींनी कोणाला सांगितला का कधी पासवर्ड?"

"नाई सांगितला!" गर्दी म्हणाली.

"आणि इथे लेकरांना कोणती विद्या शिकवता तुम्ही, मॅडम?"

"पायथन," योगिनी म्हणाली. "प्रोग्रॅम लिहायची भाषा आहे."

"पायथन! म्हणजे अजगर!" महाराजांनी डोळे मिटून मान हलवली. "नागकुळाचं नाव घ्यायचं, आणि ना पूजा, ना नैवेद्य. कोप होणार नाही तर काय होणार? बसू द्या एकेका लेकराला. कोणाच्या हातात दोष आहे, ते देवीच सांगेल."

केंद्रात शिकायची रीत ठरलेली होती. प्रत्येकानं आपापल्या नावानं आणि आपल्या पासवर्डनं संगणक उघडायचा, म्हणजे हजेरी आपोआप लागायची. मग काळी खिडकी उघडायची, त्यात पायथन हा शब्द टाईप करायचा आणि एंटर दाबायचं. तीन बाण उमटले की काम सुरू. लखन बसला, बाण उमटले. दौलतरावांची मुलगी निकिता बसली, बाण उमटले. मग पिंकी बसली. तिनं एंटर दाबलं आणि काळी खिडकी रक्तासारखी लाल झाली. पडदाभर देवीचा फोटो उघडला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "हा हात इथे नको."

महाराजांनी तिला दुसऱ्या संगणकावर बसवलं. तेच. मग एक, चार, पाच. पाचही संगणकांवर तेच. ती उठली की त्याच खुर्चीवर दुसरं कोणी बसायचं आणि सगळं सुरळीत चालायचं.

"पाच यंत्रांनी साक्ष दिली," महाराज हळू आवाजात म्हणाले. त्यापुढे ते काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजच नव्हती, कारण खिडकीतून कोणीतरी त्यांचं वाक्य पुरं केलं.

"बुद्धवाड्यातली हाय न थे. त्याईच्या घरी कुठं घट बसते?"

पिंकीनं मागे वळून पाहिलं. सतरा वर्षांची ती पोर खुर्चीतून उठली आणि हात कुठे ठेवावेत हे न कळून तिनं ते ओढणीखाली घेतले. ते पाहून योगिनीनं भिंत सोडली. ती पुढे झाली. तिनं संगणक बंद करून सुरू केला, की-बोर्ड बदलला, व्हायरस शोधून पाहिला. लाल पडदा येतच राहिला. आणि खरं सांगायचं तर पाचव्या वेळी तो आला तेव्हा योगिनीच्याही अंगावर काटा आला. पुढे तिला साऱ्या गावापेक्षा त्या काट्याचीच जास्त लाज वाटली.

आता या सगळ्यात पिंकीचं काय जात होतं, तेही सांगायला हवं. नागपूरची एक प्रशिक्षण संस्था दरवर्षी प्रत्येक केंद्रातून एकाच विद्यार्थ्याला घेत असे. वर्षभर शिक्षण, राहणं-खाणं फुकट, आणि नंतर नोकरी. अट दोनच गोष्टींची, गुण सर्वांत जास्त हवेत आणि शेवटच्या तीस दिवसांची हजेरी नव्वद टक्क्यांच्या खाली नको. पिंकी पहिली होती. निकिता तिच्या अकरा गुण मागे होती. नाव पुढच्या बुधवारी पाठवायचं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दौलतरावांनी योगिनीला बोलावून घेतलं. आवाजात साखर होती.

"मॅडम, आमी काई जातपात मानत नाई. तुमाले माईतच हाय. पण गाव हाय, गावाचं तोंड कोन धरते? पुढच्या शुक्रवारी महाराज शुद्धी करतीन. तवरक पोरीले घरीच राहू द्या. कायले वाकडेपना घेता?"

"पण साहेब, हे काहीतरी बिघाडाचं आहे. मी शोधते."

"शोधा न. कोन नाई म्हंते? पन पोरगी घरी बसून शोधा."

योगिनीनं मान हलवली. मान हलवायला फार काही लागत नाही. अकरा महिन्यांच्या करारावरची नोकरी असली की ती आपोआप हलते.

पिंकी त्या सकाळी केंद्राच्या दारातच भेटली. हातात वही होती, काहीतरी सांगायला आली होती.

"मॅडम, मले तुमाले एक दाखवाचं..."

"पिंकी, ऐक. पुढच्या शुक्रवारपर्यंत घरीच थांब. वातावरण जरा शांत होऊ दे."

"पन म्या केलं काय?"

"तू काही केलं नाहीस गं. म्हणूनच म्हणते."

पिंकीनं वही दप्तरात घातली आणि ती गेली. योगिनी वर्गात आली आणि तिनं मुलांना शिकवायला सुरुवात केली. वातावरण शांत होऊ दे! या देशात किती पोरींना हे वाक्य ऐकवून घरी पाठवलं असेल, आणि ते ऐकवणारे बहुतेक सगळे भले लोकच असतात.

वातावरण शांत झालं नाही. महाराजांचा मुक्काम दौलतरावांच्या घरीच होता. रोज दहापाच लोक मोबाईल, टीव्हीचे रिमोट घेऊन यायचे. एकानं तर बोअरचा बंद पडलेला स्टार्टरही आणून पायाशी ठेवला. स्टार्टर सुरू झाला नाही. तेव्हा महाराज म्हणाले, दोष जुना आहे, वेळ लागेल. लोकांना तेही पटलं.

बुधवारी दौलतरावांचा मुलगा ऋषिकेश कागद घेऊन आला. केंद्राची वीज, इंटरनेट, दुरुस्ती हे सगळं तोच बघायचा. तीस दिवसांचं हजेरीपत्रक होतं. पिंकीच्या नावासमोर पाच गैरहजेऱ्या आणि त्र्याऐंशी टक्के. योगिनीनं तो आकडा पाहिला. नीट पाहिला.

"ऋषी, हिला तर आपणच घरी थांबवलं ना?"

"मॅडम, हे नुसती हजेरी हाय. संगनकानं लावलेली. तुमी कायले टेन्शन घेता? मार्क त पोरीचेच जास्त हायत न."

गुण पहिले असताना हजेरी कोण बघतं, असं योगिनीनं मनाला समजावलं आणि सही केली.

मनाला मात्र समजलं नव्हतं. म्हणून गुरुवारी वर्ग संपल्यावर ती पिंकीच्या घरी गेली. पिंकीची आई रुख्मिणी अंगणात बसली होती. सोंगणीच्या दिवसांत भर दुपारी ती घरी कशी, असं योगिनीच्या तोंडून निघून गेलं.

"गुत्त्यातून काढलं मले," रुख्मिणी म्हणाली. "चौदा बायांनी मिळून ठेक्यानं वावर घेतलं होतं सोंगाले. मी गेली त मले वावराच्या काठाले, धुऱ्यावरच उभं केलं. म्हंते, तुह्या पोरीवर देवी कोपली, आमच्या ढिगाले हात नोको लावू. वीस वर्सं त्याईच्याच संग सोंगलं म्या, मॅडम. वीस वर्सांत कोनाचा ढीग जयाला होता का?"

पिंकी आतून आली. तिनं पाणी दिलं आणि वही समोर उघडून ठेवली.

वहीत उभ्याआडव्या रेघा मारून तक्ता केलेला होता. संगणक कोणता, वेळ काय, उघडला कोणाच्या नावानं, एंटर कोणी दाबलं, झालं काय. खंडेनवमीला गर्दी पांगल्यावर पिंकी घरी गेली नव्हती. संध्याकाळ होईपर्यंत तिनं तेवीस वेळा करून पाहिलं होतं, हात साबणानं धुऊन, हात न धुता, डाव्या हातानं, पेनच्या टोकानं. बावीस ओळींपुढे "लाल" असं लिहिलेलं होतं.

"हे सतरावी ओय पाहा," पिंकी म्हणाली. "लखन पानी प्याले गेला तवा त्याचा संगनक उघडाच होता. म्या तसंच बसून टाईप केलं. बाण आले."

योगिनीनं बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली.

"हात माहाच होता, मॅडम. बोटं माहीच. हातात दोष असता त तवाही लाल झालं असतं न? फरक होता थो नावाचा. लखनच्या नावानं उघडलेला होता. मंग देवीले हात नाई समजत. देवीले टाईप केलेलं नाव समजते."

"अगं, हे तू मला त्याच वेळी का नाही सांगितलंस?"

"सांगालेच आली होती," पिंकी म्हणाली. "तुमी म्हनलं, घरी बस."

शुक्रवारी सकाळी सातला योगिनीनं गोदामाचं कुलूप उघडलं. तिनं मुख्य पासवर्डनं तीन नंबरचा संगणक सुरू केला आणि त्यालाच विचारलं, पायथन म्हटल्यावर तू जातोस कुठे? असं विचारायची सोय संगणकात असते. पहिल्याच दिवशी तिला ते सुचायला हवं होतं. पहिल्या दिवशी ती की-बोर्ड बदलत बसली होती.

उत्तरात दोन पत्ते आले. पायथन तर एकच होतं.

इथे वाचकांना एक साधी गोष्ट समजावून सांगतो. संगणकाला नुसतं एखाद्या प्रोग्रॅमचं नाव सांगितलं, तर तो कुठे आहे हे त्याला आपोआप कळत नाही. त्याच्याजवळ एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. कोणकोणत्या फोल्डरमध्ये आणि कोणत्या क्रमानं शोधायचं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. पहिल्या फोल्डरमध्ये त्या नावाचं काही सापडलं की संगणक तिथंच थांबतो, पुढे जातच नाही. गावात रामराव दोन असावेत, आणि पाहुण्यानं वेशीजवळच्या पहिल्याच रामरावाच्या ओसरीवर चहा पिऊन परत जावं, तसं. आता या यादीच्या अगदी वर कोणी आपलं फोल्डर लिहून ठेवलं आणि त्यात पायथन याच नावाची खोटी फाईल टाकली, तर खरं पायथन जागच्या जागी राहतं आणि संगणक खोट्यापाशी अडकतो.

तेच झालं होतं. पाथच्या यादीत सर्वांत वर एक नवी ओळ होती, प्रिंटरच्या नावाच्या फोल्डरची. केंद्रात प्रिंटरच नव्हता. त्या फोल्डरमध्ये दोनच वस्तू होत्या, देवीचा फोटो आणि पायथन नावाची सहा ओळींची फाईल. बसलेल्याचं नाव पिंकी असेल तर खिडकी लाल कर आणि फोटो दाखव. दुसरं कोणतंही नाव असेल तर गुपचूप खरं पायथन उघड. देवीचा सगळा कोप सहा ओळींत मावला होता.

योगिनीनं फाईलची तारीख पाहिली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. पाचही संगणकांवर पाचसात मिनिटांच्या अंतरानं. त्या दुपारी ती वाशीमला परीक्षेच्या कामाला गेली होती. सगळ्यांसाठी लागू होणारी पाथची यादी मुख्य पासवर्डशिवाय बदलता येत नाही, आणि तो पासवर्ड दोघांनाच माहीत होता. एक ती. दुसरा ऋषिकेश.

तिनं काहीही पुसलं नाही. तशीच उठली आणि कुलूप लावलं.

दुपारी शुद्धीला खंडेनवमीपेक्षाही जास्त गर्दी झाली. दारात परात, लिंबं, कापूर. पिंकीला पायरीखाली उभं केलं होतं आणि रुख्मिणी तिचा हात घट्ट धरून होती. महाराज आसनावर बसले तोच योगिनी पुढे आली.

"महाराज, शुद्धीआधी देवीला एक गोष्ट विचारायची आहे. परवानगी असेल तर."

दौलतरावांच्या कपाळावर आठी आली. पण महाराज रंगात होते. "पूछो बेटी, पूछो! देवी सब जानती है."

"लखन, तुझ्या नावानं संगणक उघड. आणि बाजूला हो. पिंकी, ये, तू टाईप कर."

पिंकी पायरी चढून आत आली तशी वाट आपोआप मोकळी झाली, कारण तिची ओढणी कोणाला लागायला नको होती. ती बसली, शब्द टाईप केला, एंटर दाबलं. तीन बाण उमटले.

मग चंपाबाईचा आवाज आला, "उतरला वाटते कोप."

"माझ्या नुसत्या येण्यानं उतरला!" महाराजांनी संधी सोडली नाही. "अजून तर मंत्र सुरू व्हायचाय! बोला, देवी माता की..."

"थांबा," योगिनी म्हणाली. "आता ऋषिकेश बसेल. पिंकीच्या नावानं."

ऋषिकेश मागच्या मागे सरकला. "मी कायले? मले काम हाय."

"एक मिनिटाचं काम आहे."

"मी नाई बसत. देवीची मस्करी करता का?"

आणि इथे जे झालं ते योगिनीनंही ठरवलेलं नव्हतं. दौलतरावच कडाडले. सगळ्या गावासमोर पोरगा कच खातो, हे त्यांना सहन होईना. "बस बे! आपल्या घरी तीन पिढ्यांचे घट बसते. तुले काय करते देवी? बस म्हनतो न!"

ऋषिकेश बसला. पिंकीनं आपला पासवर्ड घातला आणि ती मागे झाली. ऋषिकेश एकेक अक्षर दाबत होता, पुढचं अक्षर सापडतच नाही असा. शेवटी त्यानं एंटर दाबलं.

खिडकी लाल झाली. देवी आली. "हा हात इथे नको," देवी म्हणाली, दौलतरावांच्या घरच्या मुलाला.

"काहून बा?" मागून एक म्हातारा खरंच गोंधळून विचारता झाला. "हे त पाटलाचं पोरगं हाय न?"

"काका, देवीला पाटील कळत नाही आणि पिंकीही कळत नाही," योगिनी म्हणाली. "या पेटीला फक्त लिहिलेलं कळतं. काय लिहिलंय ते वाचून दाखवते." तिनं पडदा खिडकीकडे वळवला. पाथची यादी उघडली, वरची ओळ दाखवली, खोटं फोल्डर उघडलं आणि सहाच्या सहा ओळी मराठीत सांगितल्या. फाईल कधी केली, तो दिवस सांगितला, वेळ सांगितली, मुख्य पासवर्ड कोणा दोघांकडेच असतो तेही सांगितलं. मग ती ओळ यादीतून काढून टाकली. "पिंकी, आता तुझ्या नावानं बस."

पिंकी बसली. तीन बाण उमटले.

"मले महाराजांनीच सांगतलं होतं," ऋषिकेश रडवेला होऊन म्हणाला. "म्हने, एक चमत्कार दाखवू, केंद्राचं नाव होईन. नाव कोनाचं टाकाचं, थे म्या ठरवलं. निकीचा नंबर लागला असता म्हनून..."

निकिता गर्दीत होती. तिनं मान खाली घातली आणि ती बाहेर निघून गेली.

सगळे महाराजांकडे बघू लागले. एखाद्याची जीभ टाळ्याला चिकटली असती. महाराजांनी शांतपणे कफनी सावरली. "सत्य बाहेर आलं. देवीनं या मुलाच्या हातून लीला केली आणि मॅडमच्या हातून उघडी केली. करविती कोण? तीच!" पाच मिनिटांत त्यांची गाडी वेशीबाहेर होती. जाता जाता चौघांनी वाकून नमस्कारही केला.

आता तुम्हाला वाटेल, गावानं पिंकीची माफी मागितली असेल. नाही मागितली. लोक पांगले. उशीर झाला, ढीग झाकायचे राहिले, असं म्हणत गेले. चंपाबाई परातीतली लिंबं वाया जाऊ नयेत म्हणून पदरात घालत होती.

"तेवढं खरं असन मॅडम," ती म्हणाली, "पन फोटो त देवीचाच होता न? मंग थोडंफार त असनच."

रुख्मिणीनं ते ऐकलं. "फोटो देवीचा होता बाई," ती म्हणाली, "पन उपाशी मी राह्यली."

दौलतराव एकटेच मागे उरले होते. "पोरगं हाय, चुकलं. मी त्याले बोलतो. पोलीस-गिलीस करू नोका."

"साहेब, नागपूरला पिंकीचं नाव अजून गेलं नसेल, तर आजच्या आज पाठवा."

"थे त बुधवारीच गेलं. निकिताचं." दौलतराव नजर न उचलता म्हणाले. "हजेरी भरत नव्हती पिंकीची. तुमचीच सही हाय त्याच्यावर."

त्याच संध्याकाळी योगिनीनं नागपूरला सगळं लिहून पाठवलं. ती खोटी फाईल जोडली, तारखा दिल्या, पिंकीच्या तक्त्याचा फोटो दिला, आपण सही का केली आणि ती कशी चूक होती तेही लपवलं नाही. नवव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. केंद्रानं पाठवलेली आणि प्रशिक्षिकेच्या स्वाक्षरीची हजेरी अंतिम मानली जाते, सबब बदल करता येणार नाही. पुढच्या महिन्यात योगिनीचा करारही वाढवला गेला नाही. निकिता नागपूरला गेली.

ते उत्तर हातात घेऊन योगिनी पिंकीकडे गेली होती. आपण लढलो, आपली नोकरीही आता जाणार, हे पोरीला कळावं असं कुठेतरी तिच्या मनात होतं. पिंकीनं कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"मॅडम, ऋषिकेशनं सहा ओयी लिवल्या," ती म्हणाली. "त्या सहा ओयींनी मी फक्त रडली. नंबर माहा गेला थो तुमच्या एका सहीनं. तुमाले त माईत होतं न, माह्यात काही नाई म्हनून? पयल्या दिवसापासून माईत होतं. मंग मले घरी काहून बसवलं?"

योगिनीनं तो कागद पर्समध्ये ठेवला. खोट्या फाईलवर तिला उपाय सापडला होता. या प्रश्नावर नाही.

आज ती वाशीममध्ये मुलांच्या शिकवण्या घेते. जिथे बोलवतील तिथे ही हकिकत सांगते, आणि स्वतःचा भाग गाळत नाही. शेवटी ती म्हणते, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी पिंकीसारखी वही उघडा. एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, काय होतं ते लिहा. यंत्र कोणाला नाकारत असेल तर त्यात तसं लिहिलं कोणी आणि त्यात फायदा कोणाचा, हे विचारा. पण एवढ्यानं भागत नाही. समोरच्या पोरीवर आळ येतोय आणि तो खोटा आहे, हे तुम्हाला आतून कळत असेल, तर पुरावा हातात येईपर्यंत तिला घरी बसवू नका. तिच्या शेजारी उभे राहा आणि मग पुरावा शोधा. आधी तिला बाहेर काढून मागाहून सिद्ध केलेलं सत्य गावाला दोन घटका करमणूक म्हणून पुरलं. पिंकीच्या ते काही कामी आलं नाही.